हायलुरॉनिक सीरम लावूनही गाल ओढतात? बाटली बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. तोंड धुतलं, हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम लावलं, पाच-दहा मिनिटं चेहरा तुकतुकीत दिसला. अर्ध्या तासात गाल ओढायला लागले, हसताना तोंडाच्या कडा ताणल्या गेल्या, नाकाच्या बाजूला पापुद्रे दिसू लागले. मग आणखी सीरम. पुन्हा तेच. मग दुसऱ्या कंपनीचं, मग ‘पाच प्रकारचं हायलुरॉनिक’ असलेली महाग बाटली, मग पॉलिग्लुटॅमिक ॲसिड. फेब्रुवारी सरला की त्रास आपोआप थांबतो, शेवटी घेतलेल्या बाटलीला श्रेय मिळतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात गाल पुन्हा उलतात.

मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनचं काम करते आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: ग्लिसरीन चांगलं, हायलुरॉनिक चांगलं की युरिया? त्याचं उत्तर पुढे दिलं आहे, पण सुरुवात तिथून करून चालत नाही. या सगळ्या घटकांना ह्युमेक्टंट म्हणतात. ते पाणी बनवत नाहीत, जवळपास असलेलं पाणी धरून ठेवतात. पाणी येतंय कुठून आणि ते उडू नये म्हणून वर काय लावलंय, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय घटक बदलून काहीही बदलत नाही.

आधी खोलीतली हवा तपासा

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. जुलैत तिला पाणी सुटतं, मे महिन्यात तेच मीठ कोरडं ठाक असतं. मीठ बदललेलं नसतं, हवा बदललेली असते. ह्युमेक्टंटचंही असंच आहे, आणि ग्लिसरीनच्या बाबतीत तर हे आकड्यांत सांगता येतं. ग्लिसरीन उघड्यावर ठेवलं तर ते हवेतून पाणी घेतं किंवा हवेला देतं आणि एका प्रमाणावर स्थिर होतं. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर त्या मिश्रणात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असतं. ५० टक्के आर्द्रतेला साधारण पाचवा हिस्सा पाणी. २० टक्क्यांना जेमतेम ४ टक्के.

मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून खाली जाते. म्हणजे एकच सीरम दादरला आणि अकोल्याला सारखं वागूच शकत नाही. साधारण ७० टक्क्यांच्या खाली गेलात की हवेतून ओलावा खेचण्याची भाषा विसरायची. तिथून पुढे ह्युमेक्टंटला मिळणारं पाणी मुख्यतः त्वचेच्या आतल्या थरांतून वर येतं, आणि वर काही झाकण नसेल तर तेही उडून जातं. त्वचेच्या सगळ्यात बाहेरच्या मृत पेशींच्या थरात पाण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली उतरलं की तो थर लवचिक राहत नाही. गाल ओढणं आणि पापुद्रे निघणं म्हणजे हेच.

इथे दोन गोष्टी लोक हमखास उलट धरतात. पहिली, एसी. एसी हवेतलं पाणी काढून घेतो हे खरं, पण मुंबई-ठाण्याच्या एसी खोलीत आर्द्रता बहुतेक वेळा ४० ते ६० टक्क्यांत राहते, म्हणजे वाळवंट होत नाही. खरा त्रास होतो तो हवेचा झोत थेट तोंडावर येतो तेव्हा. ऑफिसात एसीच्या तोंडाखाली बसणाऱ्यांनी सीरम बदलण्याआधी जागा बदलून किंवा एसीची पाती वळवून बघावं. दुसरी गोष्ट, नागपूरकडचा कूलर. तो पाण्यावर चालतो आणि खोलीतली आर्द्रता वाढवतो. त्यामुळे कूलरच्या खोलीत सीरम छान वाटतं आणि त्याच चेहऱ्याने दुपारी बाहेर पडलं की तासाभरात गाल कडक होतात. अशा वेळी सीरमला दोष देण्यात अर्थ नाही, फक्त बाहेर पडताना त्यावर क्रीम हवं.

परदेशी गेलेल्या मुलामुलींचे फोन डिसेंबर-जानेवारीत येतात, ‘इकडे आल्यापासून चेहऱ्याचं काय झालंय कळत नाही.’ तिथला हिशोब आणखी कठोर आहे. बाहेर उणे १० अंश तापमान आणि १०० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत नुसती तापवली की तिची आर्द्रता ११-१२ टक्क्यांवर येते. टोरांटो किंवा शिकागोच्या हीटर लावलेल्या घरात ठाण्यात चालणारं पातळ जेल एकट्याने पुरणार नाही. तिथे खोलीत ह्युमिडिफायर लावणं हा त्वचेसाठीचा सगळ्यात उपयोगी खर्च ठरतो. विमानातली हवाही साधारण १० ते २० टक्के आर्द्रतेची असते, म्हणून लांबच्या प्रवासात नुसता फेस मिस्ट मारत बसू नका. ते पाणी उडतं आणि चेहरा आधीपेक्षा कोरडा वाटतो.

करायचं काय, तर काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि आपण जिथे झोपतो, जिथे बसून काम करतो, तिथे ठेवा. मोबाइलवरचा आकडा बाहेरच्या हवेचा असतो, खोलीचा नाही. माझा ढोबळ हिशोब असा: ६० टक्क्यांच्या वर जेल किंवा सीरम एकटं पुरतं, ४० ते ६० मध्ये त्यावर हलकं क्रीम हवं, आणि ४० च्या खाली जाड क्रीम, रात्री त्यावर आणखी एक पातळ झाकणारा थर.

मग वरचं झाकण

झाकणात पेट्रोलियम जेलीला तोड नाही. अमेरिकेत रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात ती आजही पहिली आहे. जाडसर थर लावला तर हे नुकसान ९८ टक्क्यांच्या आसपास थांबतं. बाकीची तेलं तिच्या बरीच मागे आहेत, खोबरेलसुद्धा. खोबरेल त्वचा मऊ करतं, हातापायांना उत्तम. पण ज्यांच्या कपाळावर किंवा पाठीवर पुळ्या येतात त्यांनी ते चेहऱ्यापासून दूर ठेवावं.

आता क्रम. तोंड धुऊन टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. त्वचा दमट असतानाच सीरम लावा. ते पूर्ण वाळायची वाट न पाहता एका मिनिटाच्या आत क्रीम. रात्री, हवा फार कोरडी असेल तर, मुगाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली तळहातावर पसरून फक्त गालांवर आणि ओठांच्या कडांना टेकवायची. चोळायची नाही. ज्यांची तक्रार ‘अर्ध्या तासात ओढतं’ अशी असते, त्यांच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो, आणि बाटली तीच राहते.

तोंड कशाने धुता?

त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साध्या साबणाचा नऊ-दहा. रोज दोनदा साबण, वर कढत पाणी आणि मग त्यावर ओलावा देणारं सीरम, ही फुटक्या माठात पाणी भरण्याची चाल आहे. त्यात मराठवाड्यात किंवा पुण्याच्या उपनगरांत बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणि कॅल्शियमचा पांढरट चिकट साका त्वचेवर राहतो आणि खाज सुटते. कमी फेस येणारं, ‘सिंडेट’ प्रकारचं, म्हणजे साबण नसलेलं क्लेन्झर रात्री एकदा वापरा आणि सकाळी नुसत्या कोमट पाण्याने धुवा. बेसन, मसूर डाळीचं पीठ, उटणं हे दिवाळीच्या अभ्यंगाला उत्तम, कारण तेव्हा आधी अंगभर तेल जिरवलेलं असतं. तेल न लावता तेच पीठ रोज चेहऱ्यावर घासलं तर ते त्वचेतली उरलीसुरली चरबी शोषून घेतं.

आता घटकांची तुलना

ग्लिसरीनपासून सुरुवात करते, कारण माझं मत त्याच्याच बाजूचं आहे. १७७९ च्या सुमारास कार्ल शेले या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञाला ते ऑलिव्ह तेलापासून मिळालं. इतकं जुनं आणि इतकं स्वस्त असल्यामुळे जाहिरातीत त्याला कुणी पुढे करत नाही. पण त्याचा रेणू लहान आहे, वजन ९२ डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत जात नाहीत, असा एक ढोबळ नियम आहे. ग्लिसरीन त्यात आरामात बसतं. एवढंच नाही, तर त्वचेतल्या जिवंत पेशींमध्ये पाणी आणि ग्लिसरीन या दोघांना वाट देणारी प्रथिनं असतात, ॲक्वापोरिन-३ नावाची. ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या उंदरांत हे ॲक्वापोरिन-३ नव्हतं त्यांची त्वचा कोरडी होती, आणि ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारली. म्हणजे ग्लिसरीन हा शरीराच्या ओळखीचा पदार्थ आहे.

आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या थरातल्या पेशींच्या मधे चरबीचे पापुद्रे असतात. हवा कोरडी झाली की ते गोठून कडक होतात. ग्लिसरीन असेल तर ते लवचिक राहतात, असं प्रयोगशाळेत बनवलेल्या चरबीच्या नमुन्यांत दिसलं आहे. त्यामुळे पाणी धरण्याची ताकद कमी झालेल्या कोरड्या हवेतही त्याचा काही उपयोग उरतो.

ग्लिसरीनचा दोष एकच, चिकटपणा. क्रीममध्ये ते साधारण ३ ते १० टक्के असतं. १० च्या वर गेलं की बहुतेकांना बोटं चिकटल्यासारखी वाटतात. आणि शुद्ध ग्लिसरीन थेट चेहऱ्यावर कधीच लावू नये, ते त्वचेचंच पाणी ओढतं.

हायलुरॉनिक ॲसिड १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक जेलमधून वेगळं केलं. आपल्या शरीरातल्या हायलुरॉनिकपैकी जवळजवळ निम्मं त्वचेतच असतं, म्हणून ते बाहेरून लावणं शहाणपणाचं वाटतं. पण शरीरातलं हायलुरॉनिक मुख्यतः आतल्या थरात असतं आणि बाटलीतलं मुख्यतः वरच राहतं. मोठ्या प्रकारच्या रेणूंचं वजन दहा लाख डाल्टनच्या पुढे जातं. ५०० च्या नियमाशी ताडून बघा. वर राहून ते ओलसर, गुळगुळीत थर देतं, बारीक रेषा काही तास कमी दिसतात, आणि ते चिकटत नाही. हे काम ते खरोखर चांगलं करतं. त्याहून जास्त अपेक्षा बाटलीवरच्या मजकुरामुळे तयार होते.

‘स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरतं’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते क्षणभर खरं धरून हिशोब मांडू. चेहऱ्याला अर्धा मिलिलिटर सीरम लागतं. त्यात १ टक्का हायलुरॉनिक असेल तर ते झालं ५ मिलिग्रॅम. त्याच्या हजारपट म्हणजे ५ ग्रॅम, एक चहाचा चमचा पाणी. ३० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते पाणी आणायचं कुठून? त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये ७ टक्के ग्लिसरीन घातलं तर ३५ मिलिग्रॅम होतं, खर्च जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच चांगल्या हायलुरॉनिक सीरमच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन बरंच वर दिसतं. निम्म्याहून जास्त काम तेच करत असतं, असं मी अनुभवाने म्हणते.

कमी वजनाचं, तुकडे केलेलं हायलुरॉनिक थोडं आत जातं. पण ते सगळ्यांनाच मानवतं असं नाही. लालसर, पटकन चिडणाऱ्या त्वचेला ‘बहुस्तरीय’ हायलुरॉनिकने उलट चुरचुर झाली तर तिथेच थांबा. अशा त्वचेच्या लोकांनी मोठ्या रेणूचं साधं सोडियम हायलुरॉनेट, म्हणजे हायलुरॉनिकचाच क्षार, घ्यावं.

युरियावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे तो टाचांच्या भेगांपुरताच मानला जातो. आपल्या त्वचेत ओलावा धरणारं स्वतःचं मिश्रण असतं. त्यात सुमारे ४० टक्के अमिनो ॲसिड, १२ टक्के पीसीए (अमिनो ॲसिडपासून बनणारं एक आम्ल), तितकंच लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचा क्षार) आणि ७ टक्के युरिया असतो. युरियाच्या रेणूचं वजन फक्त ६०, ग्लिसरीनपेक्षाही लहान. त्याचं वागणं प्रमाणाप्रमाणे बदलतं. ५ ते १० टक्क्यांत तो ओलावा देतो आणि चिकटत नाही. २० टक्क्यांच्या पुढे तो केराटिन, म्हणजे त्वचेतलं कठीण प्रथिन, सैल करून जाड, निबर त्वचा सोलायला लागतो. ४० टक्के तर जाड नखं आणि घट्टे मऊ करायला वापरतात. म्हणून टाचांना २० ते २५, हातापायांना १०, आणि चेहऱ्यावर ५ च्या पुढे जायची गरज नाही. लहान मुलांना जास्त प्रमाणाचं क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटऱ्यांवर थंडीत माशाच्या खवल्यासारखी नक्षी उमटते, दंडांवर काटा आल्यासारखे बारीक दाणे असतात, अशांना हायलुरॉनिकने काहीही फरक पडणार नाही. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं, मेडिकलमध्ये मिळणारं साधं क्रीम घ्या आणि रोज अंघोळीनंतर लावा.

यातल्या काहींची त्वचा जन्मापासूनच अशी असते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून त्वचा आपलं ओलाव्याचं मिश्रण बनवते. त्या जनुकातल्या दोषाचा एक्झिमाशी आणि या खवलेदार त्वचेशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. तळहातावरच्या रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल असणं ही त्याची एक खूण आहे. अशा घरांत आई, मावशी, भाची सगळ्यांची त्वचा राठ असते आणि ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून विषय संपतो. तिथे ओलावा देणारं क्रीम हे बारमाही औषधासारखंच धरायला हवं.

बाकीचे पटकन. पॅन्थेनॉल, म्हणजे ब-५ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप, १ ते ५ टक्क्यांत ओलावाही देतं आणि चिडलेली त्वचा शांतही करतं. रेटिनॉल किंवा ॲडापालीन, म्हणजे सुरकुत्या-मुरुमांसाठीची पण त्वचा कोरडी करणारी द्रव्यं, वापरणाऱ्यांना मी आधी हेच सुचवते. सोडियम पीसीए आणि सोडियम लॅक्टेट उत्तम आहेत, पण एकेकटे क्वचित मिळतात. बीटेन आणि प्रोपेनडायॉल चिकटत नाहीत, कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेला बरे. कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे गारवा मिळतो आणि ओलावा थोडा वेळ टिकतो. ताजं पान कापलंत तर पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या, तो झोंबतो. पॉलिग्लुटॅमिक ॲसिड हायलुरॉनिकसारखंच वर थर धरणारं आहे, त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

लेबल कसं वाचायचं

आपल्याकडच्या नियमांनुसार घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने छापतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात. फिनॉक्सीइथॅनॉल हे परिरक्षक १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. त्यामुळे यादीत त्याच्यामागे जे आहे ते बहुधा १ टक्क्याच्या आतलं. हायलुरॉनिक त्याच्यामागे असेल तर घाबरायचं कारण नाही, ते कमीच लागतं. ग्लिसरीन किंवा युरिया त्याच्यामागे असेल तर तो नावापुरता घातलेला आहे.

आणि बाटलीवर ‘२ टक्के हायलुरॉनिक’ लिहिलेलं असून सीरम पाण्यासारखं ओघळत असेल तर थोडं सावध राहा. मोठ्या रेणूचं खरोखर २ टक्के हायलुरॉनिक पाण्यात घातलं तर घट्ट जेल होतं. पातळ असेल तर एकतर रेणू बारीक आहेत, नाहीतर ते २ टक्के आधीच पातळ केलेल्या द्रावणाचे आहेत.

वेगवेगळ्या तक्रारी

चेहरा चिकचिकीत होतो: ग्लिसरीन जास्त आहे किंवा सीरमवर सीरम चढवलं आहे. पावसाळ्यात एकच थर पुरतो. ग्लिसरीन यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेलं उत्पादन थंडीसाठी बाजूला ठेवा.

सनस्क्रीन लावताना मळासारख्या वळ्या निघतात: हायलुरॉनिक, कार्बोमर, झँथन गम हे थर धरणारे पदार्थ एकावर एक आले, त्यावर सिलिकोनचं सनस्क्रीन आलं की असं होतं. सीरम निम्मं करा, क्रीमनंतर पाच-सात मिनिटं थांबा, आणि सनस्क्रीन घासण्याऐवजी थापून लावा. तरीही वळ्या निघत असतील तर सकाळचं सीरम बंद करा. सनस्क्रीन मात्र सोडू नका.

लावल्या लावल्या झोंबतं: हे लक्षण मी सगळ्यात गंभीर धरते. युरिया, लॅक्टिक ॲसिड उललेल्या त्वचेवर झोंबतातच, तिथे ते आत्ता नकोत. पण साधं ग्लिसरीनचं क्रीमसुद्धा झोंबत असेल तर त्वचेचं वरचं आवरण दुखावलं आहे. स्क्रब, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी सगळं दोन-तीन आठवडे थांबवा. पाण्याने धुणं, पॅन्थेनॉलचं किंवा सिरॅमाइडचं (त्वचेतल्याच एका चरबीचं) बिनवासाचं क्रीम, वर पेट्रोलियम जेली, आणि दिवसा सनस्क्रीन. एवढंच. पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या उत्पादनांनी खाज आणि लाली येत असेल तर याद्या शेजारी ठेवून प्रोपिलीन ग्लायकॉल सगळ्यांत आहे का ते बघा. तेही ह्युमेक्टंटच, आणि अमेरिकेतल्या संपर्क-ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ म्हणून निवडलं होतं.

कपाळावर एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या: दोष बहुधा ह्युमेक्टंटचा नसतो, वरच्या तेलाचा असतो. त्वचेवरची मालासेझिया नावाची यीस्ट तेलातल्या चरबीवर वाढते. खोबरेल आणि तेलकट क्रीम थांबवा, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ही मुरुमं नसतात, औषध वेगळं असतं.

घरचं ग्लिसरीन-गुलाबपाणी

हे अजूनही चांगलं आहे, फक्त प्रमाण सुधारायला हवं. निम्मं-निम्मं ही जुनी पद्धत फार तीव्र होते. एक चमचा ग्लिसरीनला दहा चमचे गुलाबपाणी पुरे. त्यात परिरक्षक नसतं, म्हणून थोडंच बनवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. लावल्यावर क्रीम हवंच. वासाने त्रास होणाऱ्यांनी गुलाबपाण्याऐवजी उकळून गार केलेलं पाणी घ्यावं.

यात लिंबू पिळायची पद्धत मात्र सोडून द्या. लिंबाचा रस अतिशय आम्ल असतो, आणि त्यातली फ्युरोकुमारिनं उन्हात त्वचेला भाजतात. आधी लाली किंवा फोड, मग महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी डाग. उजळ होण्यासाठी लावलेल्या गोष्टीने चेहरा काळवंडतो, आणि हे मी फार मुलींच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

ग्लिसरीन मेडिकलमधून, ‘आय. पी.’ (म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाचं) लिहिलेलं घ्या. साबण बनवण्यासाठी मिळणारं सुटं, औद्योगिक ग्लिसरीन नको. भेसळीच्या ग्लिसरीनचा धडा मुंबईने फार महाग शिकला आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन पोटात दिलं गेल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्वचेवर लावणं आणि पोटात जाणं यात फरक आहे, पण जे ओठांवर आणि बाळाच्या गालांवर लागतं त्याच्या शुद्धतेत तडजोड कशाला?

स्वतःवर चाचणी

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिला आठवडा फक्त धुणं बदला. दुसरा आठवडा, सीरम तेच ठेवून वर क्रीम. तरीही गाल ओढत असतील तर तिसऱ्या आठवड्यात घटकांची तुलना करा: डाव्या गालावर हायलुरॉनिकचं सीरम आणि क्रीम, उजव्या गालावर नुसतं ग्लिसरीनयुक्त क्रीम. दुपारी चारला, म्हणजे सीरमचा ताजा ओलावा उतरल्यावर, खिडकीच्या उजेडात दोन्ही गाल बघा आणि तोंड मोठं उघडून कुठली बाजू ताणते ते पाहा. सकाळी लावल्या लावल्या तुलना केलीत तर नेहमी हायलुरॉनिकच जिंकेल. बाहेरचा मृत थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे दुखावलेल्या त्वचेवर तीन दिवसांत निकाल लावू नका.

डॉक्टरांकडे कधी

कोरडेपणा नव्यानेच आणि अंगभर सुरू झाला असेल, सोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं, थंडी जास्त वाजणं असेल तर थायरॉइड तपासा. खूप तहान आणि वारंवार लघवी असेल तर साखर. भेगांतून रक्त किंवा पाणी येतंय, पिवळी खपली धरतेय, खाजेमुळे रात्री झोप लागत नाही, किंवा लाल कडांचे गोल चट्टे आहेत, तर कुठलंही ह्युमेक्टंट न लावता सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गोल चट्ट्यांवर मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम लावू नका, गजकर्ण असेल तर ते त्याने पसरतं आणि ओळखूही येत नाही. जाताना सध्या वापरात असलेल्या सगळ्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे, घटकांची यादी दिसेल असे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.